कोंबडा आमचा, झोप शेजाऱ्यांची

प्रश्न : आई परसात दोन कोंबडे आणि नऊ कोंबड्या पाळते. खुराडं कुंपणाच्या भिंतीला लागून आहे, पलीकडे शेजाऱ्यांची झोपायची खोली. दोन वर्षांपूर्वी बंगला बांधून आलेल्या या गृहस्थांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे : पंधरा दिवसांत कोंबड्या हलवा, नाहीतर दोन लाख भरपाई द्या. आमच्याकडे कोंबड्या आजीपासून आहेत. नोटीस घेतलीच नाही तर? – एक वाचक, कराड तालुका

उत्तर : घ्या. टपाल नाकारलंत तर पोस्टमन तसा शेरा मारतो आणि कायदा नोटीस मिळाली असंच धरतो. पण ती कोर्टाचा हुकूम नव्हे. पंधरा दिवस आणि दोन लाख हे आकडे समोरच्या वकिलांचे. भरपाई हवी तर नुकसान त्यांना शाबीत करावं लागेल.

‘आम्ही आधीपासून आहोत’ हा तुमचा आवडता मुद्दा दिसतो. तोच सगळ्यांत लंगडा आहे. उपद्रवाच्या दाव्यात ‘तुम्ही मागाहून आलात’ हे उत्तर सहसा चालत नाही. वस्ती कशी, त्रास किती वेळ, सर्वसाधारण माणसाला तो सोसवेल का, हे कोर्ट बघतं. गावात पहाटे कोंबडा आरवणारच, ही तुमची जमेची बाजू. पण उशाशी खुराडं ठेवायची गरज काय होती, याला तुमच्याकडे उत्तर नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळात अडूरला असंच प्रकरण महसूल अधिकाऱ्यांपुढे गेलं. पहाटे तीनला आरवणाऱ्या कोंबड्याची तक्रार होती. हुकूम निघाला तो वरच्या मजल्यावरचं खुराडं चौदा दिवसांत दुसऱ्या बाजूला हलवण्याचा. तुमचीही सुटका तिथेच आहे. परसाच्या दुसऱ्या टोकाला न्या, उजाडेपर्यंत दार बंद ठेवा, आणि जमलं तर एक कोंबडा कुणाला देऊन टाका. अंड्यांना कोंबडा लागत नाही, पिल्लांना लागतो. (आईंना हे मी सांगायला नको.)

नोटिशीत पोलिसांची धमकी असेल, तर ती मनावर घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मधला उपद्रव सार्वजनिक असावा लागतो. एका घराची झोपमोड ही मुख्यतः दिवाणी बाब. नोटिशीत मोबाइलवर मोजलेले डेसिबल असतील, तर त्यांनीही दबू नका. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली निवासी भागातली रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा सरासरी आवाजाची आहे, एका बांगेची नव्हे.

मात्र शेजारी मनाईहुकमासाठी दिवाणी कोर्टात जाऊ शकतात, आणि मग तारखांवर तारखा. त्याआधी आईंच्या नावाने तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. दाव्याआधीच लोकअदालतीत तडजोड झाली, तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, आणि त्यावर अपील नाही.

खुराडं हलवण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो तारखेसकट काढा. मग ‘आमचे हक्क अबाधित ठेवून’ असं लिहून, मुदतीच्या आत वकिलामार्फत उत्तर पाठवा. खुराडं हलवल्याचं त्यात लिहा, चूक कबूल करू नका, आणि टपालाची पावती जपून ठेवा.