१३ बी चं तेल चढाईत तापतंय? मोठा कूलर मागवण्याआधी हे मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आरव्ही-७ (घरी बांधायचं किट विमान), त्यावर बिनटर्बो १३ बी (माझदाचं रोटरी इंजिन) आणि रिडक्शन ड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करून प्रॉपेलरला देणारा गिअर). चढाईत पाणी ८५ अंश सेल्सिअसवर शांत असतं, पण तेल ११० च्या वर जातं, म्हणजे २३० फॅरेनहाइट. आता १९ रोचा (रो म्हणजे तेलाच्या नळ्यांची ओळ) तेलाचा कूलर काढून २५ रोचा घ्यायचा आणि रेडिएटरच्या मागे जागा रिकामी आहे म्हणून तिथे बसवायचा बेत आहे. हा आजार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, म्हणून उत्तर लांबणार. ऑर्डर अजून दिली नसेल तर थांबा.

आधीच सांगून ठेवतो, मी ए अँड पी (विमान दुरुस्तीचा परवाना असलेला) मेकॅनिक नाही. खालचे आकडे ढोबळ हिशेबाचे आहेत. स्वतःच्या विमानावर मोजल्याशिवाय त्यांच्या भरवशावर पत्रा कापू नका. टर्बो लावणार असाल तर यातलं निम्मं बाजूला ठेवा.

रोटर (या इंजिनात पिस्टनच्या जागी फिरणारा तिकोनी भाग) आतून तेलानेच थंड होतो, हे तुम्हाला माहीत असणारच. एक्सेंट्रिक शाफ्टमधल्या जेटमधून तेल रोटरच्या पोटात उडतं आणि तिथली उष्णता घेऊन खाली पॅनमध्ये येतं. त्यामुळे पाणी आणि तेल मिळून जेवढी उष्णता बाहेर टाकायची असते, तिचा साधारण एक तृतीयांश वाटा तेलाच्या गळ्यात पडतो. पाण्याने थंड होणाऱ्या पिस्टन इंजिनात तेलाचा वाटा याच्या मानाने अगदी थोडा असतो.

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कूलर विकणाऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये एक तक्ता असतो: इतके रो, इतक्या हॉर्सपॉवरपर्यंत. हा तक्ता पिस्टन इंजिनाच्या गाडीसाठी केलेला असतो आणि रोटरीवाले बिनदिक्कत तो वापरतात. एका विक्रेत्याकडे (नाव घेत नाही) मी या कोअरचा, म्हणजे कूलरच्या जाळीदार गाभ्याचा, उष्णता आणि हवेच्या दाबातली घट यांचा आलेख मागितला होता. उत्तर काय, तर 'रेसवाले हाच नेतात, कुणाची तक्रार नाही'. परत विचारलं तर जास्त रोच्या मॉडेलची किंमत पाठवून दिली. रेसची गाडी सरळ रस्त्यावर काही सेकंद पूर्ण थ्रॉटलवर असते, मग ब्रेक, मग वळण. आपण पूर्ण थ्रॉटलवर मिनिटामागून मिनिटं चढत असतो, तेही कमी वेगाने आणि नाक वर करून. ज्या विक्रेत्याकडे तो आलेख नाही किंवा द्यायचा नाही, त्याच्याकडून विमानासाठी कूलर घेऊ नये, या मतावर मी ठाम आहे. या एका तक्त्यापायी लोकांचे जितके पैसे, काउलची (इंजिनावरच्या झाकणाची) फायबरग्लासची कामं आणि टेस्टिंगचे तास वाया गेलेत, तितके दुसऱ्या कशात गेलेले मला माहीत नाहीत.

हॉर्सपॉवरऐवजी हवेचा हिशेब करा. १८० हॉर्सपॉवरच्या आसपास चढताना तेलात ३५ ते ४० किलोवॅट उष्णता येते असं धरून चाला. कोअरमधून जाताना हवा ४० अंशांनी तापली, तर ४० किलोवॅट न्यायला सेकंदाला साधारण १ किलो हवा लागते. घनफळात हे सेकंदाला ०.८५ घनमीटरच्या आसपास येतं, म्हणजे मिनिटाला सुमारे १,८०० घनफूट. एवढी हवा त्या कोअरमधून ढकलायला तुमच्याकडे दाब किती आहे? १०० नॉट्सवर हवेचा डायनॅमिक (वेगामुळे येणारा) दाब साधारण १,६०० पास्कल, म्हणजे पाण्याचे साडेसहा इंच. १६० नॉट्सवर तोच ४,१०० पास्कलच्या वर जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून क्रूझमध्ये सगळं ठीक वाटतं आणि चढाईत तेल पळतं. कूलर निवडायचा तो चढाईच्या त्या साडेसहा इंचांवर, आणि त्यातलेही डक्टमध्ये (हवा आणणाऱ्या नळकांड्यात) वाया जाऊन जेवढे उरतील तेवढ्यावर. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न हा: 'पाण्याच्या ३ ते ४ इंच दाबावर, हवा ३५ अंश आणि येणारं तेल १०५ अंश असताना हा कोअर किती उष्णता टाकतो?'

आता तुमच्या २५ रोबद्दल. रो वाढले की समोरचं क्षेत्रफळ वाढतं, पण तुमच्या डक्टमधून येणारी हवा तेवढीच राहते. हवाच कमी पडत असेल तर जास्तीचे रो म्हणजे नुसतं वजन. हवा कमी पडतेय की नाही हे कळायला चार तापमानं लागतात: कूलरमध्ये शिरणारं तेल, बाहेर पडणारं तेल, कोअरच्या पुढची हवा आणि मागची हवा. चार थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावा आणि एकाच चढाईत चारही नोंदवा.

मागची हवा तेलाच्या तापमानाच्या जवळ, समजा २० अंशांच्या आत, पोचली असेल तर कोअर बिचारा आपलं काम पुरेपूर करतोय. हवा कमी आहे. तिथे कूलर बदलून काहीही होणार नाही, इनलेट, डिफ्यूझर (इनलेटपासून कोअरपर्यंत रुंद होत जाणारा डक्ट) आणि मुख्य म्हणजे आउटलेट बघा. उलट मागची हवा जेमतेम कोमट असेल आणि तेलही फक्त ५-७ अंशांनीच उतरत असेल, तर तेल कोअरमधून जातच नाहीये किंवा आतल्या बाजूने उष्णता धातूपर्यंत पोचत नाहीये. आरएक्स-७ चा (१३ बी असलेल्या माझदा गाडीचा) मूळ कूलर असेल तर पहिला संशय त्याच्या बायपास व्हॉल्व्हवर. थंड तेलाला आडवाटेने सोडायला तो असतो आणि जुना झाला की पूर्ण बंद होत नाही. तिसरा प्रकार फसवा आहे. कोअर आणि डक्ट यांच्यामध्ये बोटभर फट असली की हवा कोअर सोडून तिकडूनच निघून जाते, आणि मागचं थर्मोकपल ती थंड हवा मिसळलेलं तापमान दाखवतं. सिलिकॉन आणि बॅफलची रबर पट्टी लावून चारही कडा आधी बुजवा, मग आकडे घ्या.

दाब मोजायला पैसे घालू नका. जुना, पॅनेलमधून काढलेला एअरस्पीड इंडिकेटर (एएसआय, विमानाचा वेगमापक) कुठेतरी मिळतोच. त्याचं पिटॉटचं तोंड कोअरच्या पुढे आणि स्टॅटिकचं मागे जोडा. १०० नॉट्सने चढताना तो ६० दाखवत असेल तर कोअरवर फक्त ३६ टक्के दाब पडतोय, पाण्याचे २.३ इंच. नळीची तोंडं थेट झोतात ठेवू नका, भिंतीला समतल ठेवा, नाहीतर आकडा फुगतो.

बहुतेक आरव्हींत दोष निघतो तो आउटलेटला. मागचं दार बंद असलेल्या घरात वारा शिरत नाही, तसंच हे आहे. नाकावर मोठं भोक पाडायचं आणि खाली फायरवॉलपाशी तीच जुनी लायकमिंगच्या (हवेने थंड होणाऱ्या नेहमीच्या विमान इंजिनाच्या) हिशेबाची फट ठेवायची, हे चालत नाही. तेल आणि पाणी या दोघांची तापलेली हवा तिथूनच निघायची असते, आणि तापलेल्या हवेला जागाही जास्त लागते. आउटलेटचं क्षेत्रफळ इनलेटच्या किमान सव्वा ते दीड पट ठेवा. फटीच्या पुढे खालच्या बाजूला छोटा ओठ किंवा काउल फ्लॅप लावला की चढाईत लगेच फरक दिसतो. कायमचं करण्याआधी अॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटवर तात्पुरता लावून बघा. डिफ्यूझरच्या भिंती अक्षापासून ७-८ अंशांपेक्षा जास्त उघडल्या की हवा भिंत सोडते आणि कोअरच्या एका कोपऱ्यातूनच जाते. जागा नसेल तर मधे एक-दोन पात्या घाला.

रेडिएटरच्या मागे कूलर नको, हे वेगळं सांगायला हवं होतं का? तुमचं पाणी ८५ वर आहे, म्हणजे रेडिएटरमधून निघणारी हवा सहज ७० च्या आसपास असेल. सरासरी ९५ अंशांच्या तेलाला ३५ ची ताजी हवा मिळाली तर फरक ६० अंशांचा. ७० ची मिळाली तर २५ चा. तोच कूलर निम्म्याहून कमी काम करेल, वर रेडिएटरचीही हवा अडवेल. तेलाला स्वतंत्र इनलेट हवाच.

तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट नाही, आणि तिच्याशिवाय ११० या आकड्याला अर्थ नाही: सेन्सर कुठे आहे? १३ बी मध्ये तेल पंपातून कूलरकडे, तिथून फिल्टरकडे आणि मग बेअरिंगकडे जातं. पॅनमधला सेन्सर तापलेलं तेल दाखवतो, फिल्टरच्या पेडेस्टलवरचा (बैठकीवरचा) थंड होऊन आलेलं. दोन्हींत १५ ते २५ अंशांचा फरक सहज पडतो. पॅनमध्ये ११० असेल तर इंजिनात जाणारं तेल कदाचित ९० चंच असेल आणि तुमचा प्रश्न निम्मा सुटला. इंजिनात जाणारं तेलच ११० असेल तर मात्र उडणं थांबवा. तिथे ९९ अंश, म्हणजे २१० फॅरेनहाइट, ही मी कायमची मर्यादा मानतो. त्यापुढे रोटरच्या ऑइल सीलमागच्या ओ-रिंग कडक होऊ लागतात आणि मग धूर सुरू होतो.

दिवस कुठला होता तेही लिहा. बाहेरचं तापमान जेवढं वाढतं, जवळजवळ तेवढंच तेलही वाढतं. १५ अंशांच्या सकाळी ९० दिसलं म्हणून खूश होऊ नका. टेक्सासमध्ये ऑगस्टच्या दुपारी ४० अंशांत तेच ११५ होईल.

कोअरबद्दल दोन शब्द. गाडीच्या एसीचे इव्हॅपोरेटर रोटरीवाले पाण्यासाठी वापरतात आणि ते चालतात. तेलाला वापरू नका. तेल जाड असतं, नळीच्या भिंतीला चिकटून सावकाश सरकतं आणि तोच थर उष्णता अडवतो. तेलाच्या कूलरमध्ये आत टर्ब्युलेटर (तेल घुसळणाऱ्या पट्ट्या) असतात ते याचसाठी. दाबाचंही बघा. या इंजिनात प्रेशर रेग्युलेटर मागच्या बाजूला, कूलरच्या पलीकडे आहे. त्यामुळे कूलर आणि होज यांत जेवढा दाब वाया जातो, तेवढा कूलरच्या तोंडाशी जास्तीचा असतो. गार सकाळी २०डब्ल्यू-५० तेलावर इंजिन चालू केलं की गेजवर दिसतो त्याच्या कितीतरी वर तो जातो. वॉर्म-अप होईपर्यंत आरपीएम वाढवू नका, आणि कूलरवर छापलेला दाब गेजच्या आकड्याशी ताडून समाधान मानू नका.

होज एएन-१० (होजच्या जाडीचं माप, आकडा मोठा तशी जाड) पेक्षा बारीक नको, लांब असेल तर एएन-१२. काटकोनी ओतीव एल्बो टाळा, वळणदार घ्या. माझदाच्या बाजूचे आटे मेट्रिक असतात, अॅडॉप्टर आधीच मागवा, टेफ्लॉन टेप लावून एनपीटी (अमेरिकन निमुळत्या आट्यांचं फिटिंग) बसवायचा उद्योग नको. होजवर फायरस्लीव्ह (आगीपासून वाचवणारं आवरण) हवंच. रोटरीचा एक्झॉस्ट ९०० अंशांच्या वर जातो, म्हणून कूलर आणि पाइप यांच्यामध्ये स्टेनलेसचा पत्रा हवेची फट ठेवून लावा. कूलर रबरी माउंटवर ठेवा आणि त्याचं वजन बॅफलवर टाकू नका, कोपऱ्यातले वेल्ड तडकतात. जंकयार्डचा कूलर, ज्या गाडीचं इंजिन जाम होऊन बंद पडलं होतं तिचा, फुकट मिळाला तरी नको. टर्ब्युलेटरमध्ये अडकलेला धातूचा चुरा कितीही धुतला तरी निघत नाही, आणि थंड तेलावर फिल्टरचा बायपास उघडला की तो थेट बेअरिंगमध्ये.

दोन लहान कूलर लावायचे असतील, तर दोघांना सारखी हवा मिळत असेल तरच पॅरलल (तेल दोघांत वाटून). एकाला जास्त हवा मिळाली की त्यातलं तेल गार होऊन घट्ट होतं, मग सगळं तेल दुसऱ्या, गरम कूलरमधून जातं. हवा सारखी नसेल तर सिरीज (एकातून दुसऱ्यात), दाबातली घट सोसा.

पाणी-तेल हीट एक्स्चेंजरचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. वाईट नाही. तेल लवकर तापतं, हिवाळ्यात फार गारही होत नाही. पण उष्णता कुठे नाहीशी होत नाही, ती रेडिएटरकडे जाते. एक तृतीयांश वाटा त्याच्यावर आला म्हणजे त्याला आजच्या दीडपट काम. तुमच्या रेडिएटरमध्ये तेवढी सवड आहे असं ८५ वरून वाटत नाही. हिवाळ्यासाठी मी तेलाच्या थर्मोस्टॅटपेक्षा इनलेटवर केबलने चालणारी झडप पसंत करतो. ती अडकली तरी कुठल्या स्थितीत अडकली ते दिसतं. केबल तुटली तर उघडी राहील अशी स्प्रिंग मात्र लावा.

चार तापमानं, एएसआयचा आकडा, सेन्सरची जागा, बाहेरचं तापमान आणि इनलेट-आउटलेटची मापं इथे टाका. काउलचा खालून काढलेला फोटोही द्या, कडेने नको, त्यात आउटलेट दिसत नाही.