शंका तुमच्या : बस थांबते, आपण का थांबत नाही?

प्रश्न : बसने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो. हे पुढे ढकलणारं बल येतं कुठून?

उत्तर : कुठूनच नाही. ‘फेकले जातो’ हा शब्दच फसवा आहे. बस ताशी ४० किलोमीटरने धावत असते तेव्हा तुम्हीही त्याच वेगाने जात असता. ब्रेक लागला की रस्त्याचं घर्षण बसला मागे खेचतं. तुमच्यापर्यंत ते पोहोचतं फक्त तळव्यांतून. पाय मंदावतात, धड मात्र जुन्याच वेगाने चालत राहतं. हे जडत्व. ते बल नव्हे, असंतुलित बल लागेपर्यंत आहे ती गती न सोडण्याचा वस्तूचा गुण. म्हणून उभं राहताना एक पाऊल पुढे, एक मागे, थोडं तिरपं ठेवा आणि गुडघे सैल सोडा. जुळवलेल्या पावलांना पुढेमागे जेमतेम वीतभर आधार मिळतो.

बस पूर्ण थांबते त्या क्षणी उलट, मागे झटका बसतो, तो मात्र आपलाच. ब्रेक चालू असताना आपण नकळत मागे रेलून अंग ताणलेलं असतं. मंदावणं एकदम संपतं, रेलणं तसंच उरतं. सराईत चालक शेवटच्या एक-दोन मीटरमध्ये ब्रेक अलगद सैल करतो, ते यासाठीच.

प्रश्न : कारमध्ये बाळाला मांडीवर घट्ट धरलं तर चालेल ना?

उत्तर : मुळीच नाही. हिशेब करून पाहा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. गाडी भिंतीवर आदळली, पुढचा भाग चेपला आणि पट्टा बांधलेला माणूस अर्ध्या मीटरमध्ये थांबला, तर तो वेग ०.०७ सेकंदात शून्यावर येतो. मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या जवळपास २० पट. १० किलोचं बाळ रोखायला तेव्हा २०० किलो वजन पेलण्याइतकं बल लागतं. कुणाचेही हात तिथे सुटतातच. बाळ तसंच पुढे जाऊन डॅशबोर्डवर ५ सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर बल आणखी दहापट. थांबायला अंतर जितकं कमी, तितका मार जास्त. त्यामुळे बाळासाठी वेगळं आसनच हवं, आणि अगदी लहान बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला.

मोठ्यांचा पट्टाही पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. वरचा भाग गळपट्टीच्या हाडावरून जावा. जाड जॅकेटवरून बांधलेला पट्टा सैल राहतो आणि थांबण्याचं तेवढं अंतर फुकट जातं. मागच्या काचेजवळ ठेवलेली २ लिटरची भरलेली बाटलीही याच हिशेबाने ४० किलोची होते. ती खाली, सीटच्या पायाशी ठेवा.

प्रश्न : एकसारख्या वेगाला बल लागत नाही म्हणतात. मग सायकलला पॅडल का मारत राहायचं?

उत्तर : हवेचा रोध आणि टायरचं घर्षण मागे ओढत असतात, त्यांची फेड करायला. सपाट रस्त्यावर वेग स्थिर असेल तर पुढचं-मागचं बल सारखं, निव्वळ बल शून्य. पॅडल थांबलं की मागचं बल उरतं. न्यूटनचे गतीचे नियम १६८७ पासून छापील आहेत, पण घर्षण डोळ्यांना दिसत नसल्याने ही शंका सगळ्यांनाच येते.

प्रश्न : हातोड्याचं डोकं सैल झालंय. दांडा जमिनीवर आपटला की बसतं, ते कसं?

उत्तर : दांडा जमिनीवर अडतो, डोकं खाली येतच राहतं आणि घट्ट रुततं. त्याहून चांगली रीत : हातोडा डोकं खाली करून हवेत अधांतरी धरा आणि दांड्याच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. जड डोकं जागचं हलत नाही, दांडाच आत सरकतो. नंतर नवी पाचर मारा. पाण्यात भिजवून घट्ट करू नका. फुगलेलं लाकूड भोकात चेंगरतं आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षा जास्त सैल होतं.