महापालिका मालमत्ता कराचा वार्षिक दर कसा ठरवते? दर तोच असताना बिल का वाढते?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: दर कोण आणि कसा ठरवतो, आणि ‘यंदा करवाढ नाही’ असे जाहीर झालेले असताना तुमचे बिल का वाढले. पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ नुसार पुढील आर्थिक वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करावे लागतात. प्रशासनाचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे येतो, समिती आपली शिफारस करते आणि सर्वसाधारण सभा, म्हणजे सर्व नगरसेवकांचे सभागृह, ते दर मंजूर करते. सर्वसाधारण कर, पाणी, सफाई, अग्निशमन अशा घटकांची टक्केवारी तेथे ठरते. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर हे राज्य शासनाचे असून महापालिका ते केवळ वसूल करून देते, त्यामुळे त्यांच्या दरात सभागृहाला हात घालता येत नाही.

तुमचे खरे दुखणे मात्र दुसऱ्या भागात आहे, आणि त्यावरून माझा माझ्या मेहुण्यांशी कित्येक वर्षांचा वाद आहे. ते एके काळी नगरसेवक होते आणि ‘आमच्या कारकिर्दीत एका पैशाचीही करवाढ होऊ दिली नाही’ हे आजही अभिमानाने सांगतात. त्यांच्याच कारकिर्दीत आमच्या बैठ्या घराला करआकारणी बदलल्याची विशेष नोटीस आली. माझे वडील निवृत्त शिक्षक होते आणि पुढच्या खोलीत वस्तीतल्या मुलांना बीजगणित शिकवत असत, तेही एक पैसा न घेता. नोटिशीत ती खोली बिगरनिवासी ठरवली होती आणि तिचे क्षेत्रफळही वाढलेले होते. मी मेहुण्यांना नोटीस दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “दर तर वाढलेला नाही ना? मग हरकत घेऊन काय साधणार? भरून टाका.”

मी हरकत घेतली. सुनावणीपूर्वी क्षेत्रीय कार्यालयातून करआकारणीचा उतारा आणि मोजणीचा नकाशा मागून घेतला. उताऱ्यात खोलीच्या नोंदीपुढे ‘क्लास’ एवढाच शब्द होता. नकाशात खोली आणि तिच्यापुढची उघडी पडवी मिळून एकच चौकोन काढलेला होता. ज्या भिंतीवर वडिलांचा फळा टांगलेला होता, ती भिंतच नकाशात नव्हती. मी घरगुती वापराचे वीजबिल आणि त्या भिंतीची छायाचित्रे सादर केली व फेरमोजणीची मागणी केली. निरीक्षक पुन्हा आले, त्यांनी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी टेप लावली, पडवीची वेगळी नोंद केली आणि खोली निवासी वापरात परत घेतली. दुरुस्त बिल जवळजवळ पूर्वीइतकेच आले. त्या संपूर्ण प्रकरणात कराचा दर कोठेच आला नाही.

कारण दर हा गुणाकारातील केवळ एक आकडा आहे. दुसरा आकडा करयोग्य मूल्याचा असून ते प्रशासन ठरवते. मालमत्तेला वर्षभरात जे वाजवी भाडे मिळू शकेल, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केल्यावर हे मूल्य येते. ८०० चौरस फुटांच्या घराचे भाडे दरमहा चौरस फुटाला २ रुपये धरले, तर वार्षिक भाडे १९,२०० आणि करयोग्य मूल्य १७,२८० रुपये होते. सर्व करांची बेरीज ४० टक्के मानली, तर बिल ६,९१२ रुपयांचे येते. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) आता भाडे ३ रुपये धरा. टक्केवारी तीच राहून बिल १०,३६८ रुपये होते. सभागृहात एकही हात वर झालेला नसतो, ‘करवाढ फेटाळली’ अशी बातमी छापून येते आणि नागरिक साडेतीन हजार रुपयांच्या आसपास जास्त भरतो. जुन्या इमारतींचे भाडेमूल्य तसेच ठेवून नव्या इमारतींना चढे भाडेमूल्य लावले, की एकाच गल्लीतील सारख्याच दोन घरांच्या बिलांत मोठी तफावत पडते. सवलतींचेही तसेच आहे. पुण्यात घरमालक स्वतः राहत असल्यास १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत मध्यंतरी बंद झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली; ज्यांची ती गेली, त्यांचे बिल दरवाढ न होताच फुगले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, जे सभागृह दर रोखल्याचे श्रेय घेते, त्याने भाडेमूल्याचा तक्ताही त्याच बैठकीत मागवून त्यावर चर्चा केली पाहिजे. मेहुण्यांना मी हेच सांगत आलो आहे. ते म्हणतात, मूल्य ठरवणे हा आयुक्तांचा अधिकार आहे. अधिकार आयुक्तांचा असला, तरी जाब विचारण्यापासून नगरसेवकांना कोणी अडवले होते? मार्च २०२२ मध्ये पुणे, मुंबईसारख्या महापालिकांची मुदत संपून नगरसेवकांच्या जागी आयुक्तच प्रशासक झाले, तेव्हा तर प्रस्ताव मांडणारा आणि तो मंजूर करणारा एकच झाला.

तुम्ही मागील आणि चालू वर्षाचे उतारे शेजारी ठेवून क्षेत्रफळ, वापराचा प्रकार, भाडेमूल्य आणि सवलत या चार नोंदी ताडून पाहा. बदल दिसल्यास नोटिशीतील मुदतीच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. ती फेटाळली गेल्यास त्याच अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येते, परंतु अपिलासाठी आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि मागणीची रक्कमही भरावी लागते. वाद चालू आहे म्हणून बिल थकवू नका, दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते. तुम्ही शहराचे नाव दिलेले नाही. ते मुंबई असेल, तर तेथे १८८८ चा वेगळा कायदा आहे, २०१० पासून कर भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावावर आधारित किमतीवर, आकारला जातो आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे; त्यामुळे वर मांडलेला भाड्याचा हिशेब तुम्हाला लागू होणार नाही.