आर्म खाली बसतोय? आधी व्हॉल्व्ह बघा

प्रश्न : जुन्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आहे. भरलेली बकेट उचलून ठेवली की आर्म हळूहळू खाली बसतात. एका सिलिंडरच्या रॉडवरून तेलही ठिबकतं. दोन्ही सिलिंडरचे सील किट बदलले तर काम होईल का?

उत्तर : ठिबकणं थांबेल. ते ग्लँडमधल्या (सिलिंडरच्या तोंडाचं झाकण, ज्यातून रॉड बाहेर येतो) रॉड सीलचं काम. आर्म बसण्याचं खापर मात्र लगेच पिस्टन सीलवर फोडू नका. लिव्हरच्या व्हॉल्व्हने सिलिंडरचे दोन्ही पोर्ट (तेल ये-जा करायची भोकं) नीट बंद धरले असतील, तर पिस्टन सील गेलं तरी आर्म फारसा उतरत नाही. रॉड आत शिरायचा तर त्याच्या आकारमानाएवढं तेल सिलिंडरबाहेर पडायला हवं, आणि त्याला वाटच नसते. फक्त आतला दाब चढतो. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 60 मिमी आणि रॉड 35 मिमी असेल तर जवळजवळ तिप्पट. म्हणून आर्म बराच उतरत असेल तर झिजलेल्या स्पूलवर, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्यावर, पहिला संशय घ्या.

खात्री करायची तर बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब काढा. सिलिंडर ठोकळ्यांवर टेकवून दोन्ही रॉडच्या पिना काढा आणि रॉड पूर्ण आत घ्या. इंजिन बंद करून पुन्हा दाब काढा. मग एका सिलिंडरचा बुडाकडचा होज सोडून होजला प्लग मारा; पोर्ट उघडाच ठेवा, खाली भांडं ठेवा. इंजिन हळू चालवून लिव्हर ‘खाली’कडे धरा. उरलंसुरलं तेल निथळल्यावरही पोर्टातून धार चालू राहिली, तर पिस्टन सील गेलंय. गळती बोटाने चाचपू नका. दाबाखालची बारीक धार कातडीत घुसते आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार वाईट असते.

प्रश्न : सिलिंडर खोलताना आणि जोडताना कशाकडे लक्ष द्यावं?

उत्तर : ग्लँड आट्याची आहे की सर्क्लिपची (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंग रिंगची), ते आधी बघा. आट्याची असेल तर हुक पाना वापरा. छिन्नी-हातोड्याने खाचा फुटतात. पिस्टन बाहेर काढायला कॉम्प्रेसरची हवा कधीच लावू नका, रॉड गोळीसारखा सुटतो. पिस्टनचा नट लॉकिंग केमिकलने बसवलेला असेल तर 250 अंशांच्या आसपास तापवल्यावर सुटतो, पण त्याआधी सगळं तेल पुसून घ्या.

नवं सील जुन्या सीलवरून मापू नका, ते फुगलेलं किंवा झिजलेलं असतं. व्हर्नियरने रॉड, बोअर आणि खाचेची रुंदी व खोली घ्या. रॉडवरून नख फिरवा. ते चरेत अडकलं तर क्रोमचं काम करून घ्या, नाहीतर नवं सील काही दिवसांचंच सोबती. बोअरमध्ये उभे ओरखडे असतील तर होनिंग करा (घासदगडाने आतून घासून गुळगुळीत करा) आणि नंतर साबणपाण्याने धुऊन, कोरडं करून लगेच तेल लावा. होनिंगची पूड आत राहिली तर तीच सील खाते.

यू-सीलची लिप (पातळ कड) दाबाकडे, वायपरची (रॉडवरची धूळ पुसणाऱ्या सीलची) लिप बाहेर. सगळ्यात जास्त सीलं ग्लँडच्या आट्यांवर आणि आत पोर्टाच्या भोकाच्या धारेवर कापली जातात. आट्यांवर टेप गुंडाळा, पोर्टाची धार बारीक पॉलिश पेपरने मोडा आणि पिस्टन भरपूर तेल लावून, जरा फिरवत, सरळ आत ढकला. पिस्टनवर टेफ्लॉनची रिंग असेल तर ती गरम पाण्यात मऊ करून चढवा आणि लगेच गोल पट्टीने आवळून मापात आणा.

प्रश्न : नवं सील घातलं, पण लगेच पुन्हा गळायला लागलं. का?

उत्तर : बहुतेक वेळा पिना-बुश झिजलेले असतात. आर्म तिरका ओढतो, रॉड ग्लँडच्या एकाच बाजूला घासतो आणि सील एकीकडूनच झिजतं. काढलेलं सील बघा, झीज एकतर्फी असेल तर बुश बदला. तरीही गळत राहिलं तर रॉड व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने वाक तपासा आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) कुणी जास्त आवळलाय का तेही बघा. जोडणी झाल्यावर रिकामी बकेट हळू आरपीएमवर चारपाच वेळा पूर्ण वर-खाली करून हवा काढा. टाकीतलं तेल रॉड आत असताना मोजा.