रथोत्सवाला येणाऱ्या बहिणींच्या सह्या

प्रश्न : सोलापूरच्या साखर पेठेत आमचे दोन मजली घर आहे. खाली चार माग, वर आम्ही राहतो. जागा वडिलांनी १९७८ साली स्वतःच्या कमाईतून घेतली, खरेदीखत त्यांच्या एकट्याच्या नावावर. ते गेल्या वर्षी वारले. मृत्युपत्र केलेले नाही. मागे आई, मी आणि तिघी लग्न झालेल्या बहिणी. दोघी गावातच, मोठी अक्का वरंगळला. मला नवीन मागांसाठी कर्ज काढायचे आहे. बँकवाले म्हणतात, उतारा तुमच्या एकट्याच्या नावावर करून आणा. नारळी पौर्णिमेला आम्हा तेलुगू विणकरांच्या मार्कंडेय रथोत्सवासाठी सगळ्या येतीलच. तेव्हा ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून त्यांच्या सह्या घेतल्या तर चालेल का? तशा त्यांना काही नकोच आहे.

उत्तर : चालणार नाही. घरातला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावेच लागते. नोंदणी कायदा १९०८ चे कलम १७ तसे सांगते. नोटरी फार तर सही कोणाची एवढे सांगेल. तेवढ्यावर बहिणींचा हक्क सुटत नाही. सिटी सर्व्हे कार्यालयात, म्हणजे उताऱ्यावर नावे लावतात तिथे, त्या कागदाचे काम होणार नाही आणि उद्या वाद निघाला तर कोर्टातही तो तुम्हाला तारणार नाही.

पण मला खटकले ते तुमचे शेवटचे वाक्य. ‘त्यांना काही नकोच आहे’ हे त्या तुमच्याशी बोलल्या, की तुम्हीच धरून चाललात? पत्रात कुठेही तुम्ही त्यांना विचारल्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते.

आधी हिस्से बघू. घर वडिलांच्या स्वकमाईचे आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम ८. आई, तुम्ही आणि तिघी बहिणी असे पाच वारस, प्रत्येकाला पाचवा हिस्सा. पेठेत ज्याला त्याला वाटते की मुलींना हक्क २००५ च्या कायद्याने मिळाला. तो बदल वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्कासाठी होता. बापाने स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या घरात मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. फक्त कुटुंब राहत असलेल्या घराचे वाटप तिला स्वतःहून मागता येत नसे, ती आडकाठी २००५ ला निघाली. म्हणजे बहिणींचा हिस्सा तुम्ही द्यायचा नाही, तो वडील गेले त्या दिवशीच त्यांचा झाला आहे. सोडायचा की ठेवायचा, हे त्यांनी ठरवायचे.

काही वर्षांपूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयात मी माझ्या एका दस्तासाठी नंबर लावून बसले होते. पुढे एक तेलुगू बोलणारी विडी कामगार बाई होती. अंगठा यंत्रावर उमटेना. पन्नास वर्षे पाने कापून, तंबाखू भरून बोटांच्या रेषा पार झिजलेल्या. ऑपरेटर म्हणायचा ‘पुसून ठेवा’, ती पदराने अंगठा पुसायची, पुन्हा ठेवायची. मग तर्जनी, मग डावा हात. तेवढ्या वेळात मी तिला तेलुगूत विचारले, कशाचा कागद आहे? म्हणाली, ‘रेशन कार्डाचा, तम्मुडूने (धाकट्या भावाने) बोलावलंय.’ मी तो दस्त मागून घेतला आणि तिला तेलुगूत वाचून दाखवला. वडिलांच्या घरातला तिचा हिस्सा भावाला सोडल्याचा मजकूर होता. ती बराच वेळ बोलली नाही. मग चप्पल घातली आणि जिना उतरून गेली. पुढे तिने हिस्सा मागितलाही नाही. भावाला राखी बांधणे मात्र बंद केले.

तुमच्या घरी असे होऊ नये म्हणून एवढे सविस्तर लिहिते आहे. रथोत्सवाच्या गर्दीत, पाहुण्यांचा स्वयंपाक चालू असताना, कागद पुढे सरकवू नका. मसुदा महिनाभर आधी तिघींना पाठवा. वरंगळच्या अक्कांचे शिक्षण तेलुगू माध्यमातले असेल तर आपल्या दस्तांची मराठी त्यांना वाचता येणार नाही. कोणाकडून तरी, शक्यतो तुमच्याखेरीज दुसऱ्या माणसाकडून, तेलुगूत समजावून द्या आणि तशी ओळ दस्तात घाला. फसवून घेतलेली सही पक्की नसते. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दस्त रद्द करण्याचा दावा लावता येतो.

त्या मनापासून सोडत असतील तर पौर्णिमा झाल्यावर एखाद्या कामाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून कार्यालयात जा. दोन साक्षीदार, ओळखपत्रे, मृत्यूचा दाखला, उतारा, मूळ खरेदीखत सोबत ठेवा. जवळच्या नात्यात मोबदला न घेता हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागते. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी हजर करावा लागतो. आणि हक्क कोणाच्या लाभात सोडला, तुमच्या एकट्याच्या की आई आणि तुमच्या दोघांच्या, ते नाव घालून स्पष्ट लिहा.

आता आईंचे. तुम्ही बहिणींचे लिहिलेत, पण पाचवा हिस्सा आईंचाही आहे. त्यांनी तो सोडावा असे मी सांगणार नाही. या वयात बाईच्या नावावर घराचा तुकडा असलेला बरा, हे माझे ठाम मत आहे. फक्त एक ध्यानात ठेवा. त्यांच्या पश्चात तो हिस्सा उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे पुन्हा तुम्हा चारही भावंडांत येईल, कारण बहिणी आज सोडतील तो वडिलांकडून आलेला हक्क, आईकडून पुढे येणारा नव्हे. आईंना वेगळे काही हवे असेल तर मृत्युपत्र त्यांनी स्वतःच्या इच्छेने करावे.

आणि कर्जासाठी बहिणींनी हक्क सोडायलाच हवा असेही नाही. पाचही वारसांची नावे उताऱ्यावर लावून, सगळ्यांच्या सहीने घर तारण ठेवता येते. बँकेच्या व्यवस्थापकांना तसे विचारा. तारणावर सही म्हणजे कर्ज थकले तर घर जाऊ शकते, हे मात्र बहिणींना आधीच सांगा.

प्रश्न : मी नर्स आहे. जुळे सोलापुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. डिपॉझिट ४०,००० दिले. मालक म्हणाले, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, म्हणून नुसती नोटरी केली. आता मुदतीआधीच खोल्या सोडा म्हणतात, डिपॉझिटचे नाव काढत नाहीत. परवा पाणी यायच्या दिवशी मोटारीचे बटणच बंद केले.

उत्तर : अकरा महिन्यांची ही समजूत आपल्या राज्यात लागू पडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध करणे मालकावर येते. म्हणजे पारडे तुमच्याकडे झुकलेले आहे.

डिपॉझिट आणि भाडे बँकेतून किंवा मोबाइलवरून दिले असेल तर त्याची नोंद काढून ठेवा, मालकांचे संदेश पुसू नका. वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या. आपल्याकडे काही दिवसांआड पाणी येते, त्या दिवशी मोटार बंद करणे म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको. सबळ कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी-वीज तोडायला कलम २९ ची मनाई आहे आणि ते पूर्ववत करून घेण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. बंद बटणाचा तारखेसह फोटो काढा. पुढच्या घराचा करार ऑनलाइन नोंदवा. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होतो, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे.

प्रश्न : वय ७६, गिरणीतून निवृत्त. घर स्वकष्टाचे. मुलगा पुण्यात असतो, मला मुलगी सांभाळते, तिला घर द्यायचे आहे. मृत्युपत्राला स्टॅम्प किती लागेल? साक्षीला जावई चालतील का?

उत्तर : काका, स्टॅम्प लागतच नाही, साधा कागद पुरतो. तुम्ही दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्या दोघांनी तुमच्यासमोर. हिंदूंच्या मृत्युपत्राला जावयाची साक्ष कायद्याने बाद होत नाही, पण मुलाच्या वकिलाला बोट ठेवायला जागा कशाला द्यायची? तुमच्याहून वयाने लहान, गावातच राहणारे, घराशी संबंध नसलेले दोघे घ्या. तुमच्या पश्चात त्यांच्यातल्या एकाला तरी कोर्टात साक्षीला उभे राहावे लागू शकते. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. मुलाला का दिले नाही ते दोन वाक्यांत, राग न धरता, तुमच्याच शब्दांत लिहा. आणि नेहमीच्या डॉक्टरांकडून तुम्ही शुद्धीवर आणि समजत्या स्थितीत असल्याचा दाखला घ्या. त्यावर सहीच्याच दिवसाची तारीख हवी.