खानापूरहून रोज बेळगावला नोकरीला ये-जा असते. आत्मिक शस्त्रसामग्रीचा अभ्यास कसा करू?

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा अध्याय ६, ओव्या १० ते १८ एवढाच भाग घ्या. त्यात देवाची शस्त्रसामग्री एकेक वस्तू करून सांगितली आहे. रोज त्यातली एकच वस्तू धरा आणि त्याच दिवसाच्या कामात ती वापरून बघा. सत्याचा कमरपट्टा असेल तर त्या दिवशी दुकानातलं माप, हजेरी, फोनवरची थाप, सगळं त्याच्यावर तपासायचं. आमच्या बेळगावातल्या मराठी अभ्यासगटात आम्ही असंच करतो, आणि सोबत बायबलमधलंच यशया ५९:१७ वाचतो. तिथं नीतिमत्त्वाचं उरस्त्राण (छातीचं चिलखत) आणि तारणाचं शिरस्त्राण खुद्द देवच घालतो. म्हणजे ही सामग्री आपल्या मनोबलाची नाही, त्याची आहे. हे कळलं की अभ्यासातलं दडपण जातं. विश्वासाच्या ढालीला मात्र दोन-तीन दिवस द्या. रोमन शिपायाची ढाल लाकडाची, वर कातडं चढवलेली, जवळजवळ अंगभर असे, आणि शिपाई ढालीला ढाल भिडवून उभे राहत. पत्रातली आज्ञाही सगळ्या मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांना मिळून आहे, म्हणून घरच्यांना किंवा एखाद्या विश्वासू सोबत्याला बरोबर घ्याच. तरवार म्हणजे देवाचं वचन, तेव्हा एक ओवी पाठ करून बसमध्ये मनात घोळवा. १८वी ओवी प्रार्थनेची आहे, ती गाळू नका.

एक गोष्ट सांभाळा: १२व्या ओवीप्रमाणे हे झगडणं माणसांशी नाही. आपल्या सीमाभागात भाषेवरून मनं चटकन तापतात. कन्नड बोलणारा शेजारी किंवा दुसऱ्या धर्माचा सहकारी हा शत्रू समजून हा उतारा वाचू नका.