टेलिमेडिसिन सुरू करायचंय, आधी काय घेऊ?

प्रश्न : गोवंडीत आमचा छोटा दवाखाना आहे. एक डॉक्टर, एक सिस्टर, एक कंपाउंडर. दवाखान्यात आलेल्या रुग्णाला व्हिडिओवर बाहेरच्या तज्ज्ञांना दाखवायचं, तर आधी काय विकत घ्यावं?

उत्तर : आधी खरेदी नको, माणूस ठरवा. केसपेपर, औषधं आणि कॉल एकाच कंपाउंडरच्या गळ्यात पडले की आठवड्यात सगळं बंद पडतं. दुपारचे दोन तास फक्त कॉलसाठी ठेवा. त्या वेळी सिस्टरनं रुग्णाचा बीपी, ऑक्सिजन, ताप, वजन कॉल लागण्यापूर्वीच लिहून ठेवावं; नाहीतर समोरचे तज्ज्ञ अंदाजानं बोलतात.

नेटची परीक्षा गर्दीच्या वेळी, दार लावून, खरा कॉल करून घ्या. दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी हवंच. लाइट गेली की राउटर बंद, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावा. रुग्णाची पाठ खिडकीकडे नको, चेहरा काळा दिसतो आणि पुरळ तर दिसतच नाही.

केंद्र सरकारच्या २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णानं स्वतः कॉल केला तर संमती गृहीत धरतात. तुम्ही केलात तर ती स्पष्ट घेऊन नोंदवा. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणाखालच्या औषधांची सरकारी यादी) आणि अमली पदार्थ कायद्यातली औषधं व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला मात्र कॉलवर थांबवू नका, थेट रुग्णालयात पाठवा.